मोर्चा टी पॉइंटला अडतो, निवेदन देतो, घरी येतो. त्यानंतर काय? (नागपूर)

धंतोलीकर

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की यशवंत स्टेडियमच्या आजूबाजूला मांडव पडायला लागतात. गेली एकोणीस वर्षं मी दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या मोर्च्यात चालतो आहे. आधी युनियनकडून, नंतर आमच्या वस्तीच्या रस्त्यासाठी. यंदा निघण्याआधी मनात साचलेलं इथे मांडतो. भ्रष्टाचाराविरुद्ध आपण इतक्यांदा रस्त्यावर उतरतो, तरी ठेकेदार, अधिकारी आणि त्यांच्या पाठीशी असलेला नेता यांच्या केसालाही धक्का का लागत नाही?

आमचीच गोष्ट सांगतो. वस्तीत सिमेंट रस्ता झाला. तो घरांच्या ओट्यापेक्षा वीतभर उंच आला आणि पहिल्याच पावसात पाणी स्वयंपाकघरात शिरलं. वर्षभरात भेगा पडल्या. आम्ही तीनशे लोक मोर्चा घेऊन निघालो. मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवलं. दोन तास घोषणा झाल्या, मग पाच जणांचं शिष्टमंडळ आत गेलं. निवेदन चार पानांचं होतं, मागण्या सतरा. कोणीतरी ते हातात घेतलं, "बघतो" म्हटलं, फोटो निघाला. संध्याकाळी सगळे घरी.

त्या कागदावर शिक्का नव्हता, आवक क्रमांक (कार्यालयात कागद आल्याच्या नोंदीचा नंबर) नव्हता. फेब्रुवारीत मी माहिती अधिकारात विचारलं की आमच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली. उत्तर आलं, "सदर निवेदन या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही." माझ्या बाजूने चालणाऱ्या ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्या दिवशी त्यांनी चारही घरी खाडा केला होता. ते उत्तर त्यांना वाचून दाखवताना मला फार लाज वाटली.

दुसऱ्या वेळी आम्ही उलटं केलं. आधी कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि अंतिम देयक (शेवटचं बिल) यांच्या प्रती काढल्या. सहा महिने गेले, एक अपील करावं लागलं. नळाच्या पाइपसाठी रस्ता कापला होता तिथे पोरांनी टेप लावला. पुस्तिकेत जाडी वीस सेंटिमीटर, कापलेल्या जागी चौदा. तीन ठिकाणी मोजलं, शेजारी टेप दिसेल असे फोटो काढले. मग एका रविवारी सकाळी ठाण्यात पत्र देऊन आम्ही त्याच रस्त्यावर खुर्च्या टाकल्या आणि बिल मोठ्याने वाचलं. बाब क्रमांक, परिमाण, दर, रक्कम, आणि प्रत्येक बाबीनंतर "हे झालं का?" साठ-सत्तर माणसं होती, बस.

बुधवारी कनिष्ठ अभियंता आला. दोषदायित्वाचा काळ (बिघडलेलं काम ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) शिल्लक होता, म्हणून रस्त्याचे निम्मे पॅनेल (काँक्रीटचे तुकडे) ठेकेदाराला स्वखर्चाने फोडून पुन्हा घालावे लागले. कोणावर कारवाई झाली नाही आणि उंचीही कमी झाली नाही. पण तीनशे लोकांच्या मोर्च्याने जे झालं नाही ते सत्तर लोकांनी अर्धं तरी केलं.

म्हणून माझं मत असं बनलं आहे की मोर्चा ही शेवटची पायरी आहे. आपण तीच पहिली धरतो आणि तिथेच दम संपतो. तुमचे अनुभव सांगा, आणि माझं चुकत असेल तर तेही सांगा.

वऱ्हाडी ठसका

भाऊ, तुमचा अनुभव खरा आहे, मी नाही म्हणत नाही. पण गर्दी नसन तर त्या कागदाले कोण विचारते? ऑक्टोबर २०२५ मध्ये शेतकरी वर्धा रोडवर बसले, हैदराबादचा हायवे बंद झाला, तवा कुठं सरकार जागचं हाललं. कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ च्या आत घेऊ, असं मुख्यमंत्र्याले बोलावं लागलं. तारीख काहून भेटली? रस्त्यावर माणसं होती म्हणून. साठ लोकाईनं खुर्च्या टाकून बिल वाचलं असतं तर ते झालं असतं काय? मी त्या रात्री तिथंच होतो, ट्रॅक्टरखाली झोपलो. एका वस्तीच्या रस्त्याचं माप साऱ्या राज्याच्या प्रश्नाले लावू नका.

धंतोलीकर

दादा, तुमचा मुद्दा मान्य. संख्येशिवाय राज्याचा प्रश्न हलत नाही. पण त्या आंदोलनात मला मोलाची वाटली ती तारीखच. "लवकरच" आणि "सकारात्मक विचार करू" यावर न उठता तारीख घेऊन उठणं आपल्याकडे फार कमी होतं.

दुसरी बाजूही पाहा. हायवे अडला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत रस्ता मोकळा करायला सांगितलं. अडकलेल्या ट्रकमधला क्लीनर आणि दवाखान्यात निघालेला माणूस आपल्यातलाच असतो. भ्रष्टाचाराच्या प्रश्नात तर त्याची साथ जास्तच लागते, कारण पैसा त्याच्याही खिशातला गेलेला असतो.

निवृत्त शाखा अभियंता

बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते सांगतो.

घोषणेने अधिकारी घाबरत नाही, त्याला ती ऐकूही येत नाही. तो घाबरतो नस्तीवर (फाइलवर) चढलेल्या कागदाला, कारण उद्या चौकशी लागली तर "हा कागद आला तेव्हा आपण काय केलं?" हा प्रश्न त्यालाच विचारला जाणार असतो. म्हणून आवक क्रमांक घेतल्याशिवाय जागचं हलू नका. लिपिकाने टाळलं तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळ. लोक रस्ता फुटल्यावर ओरडतात. तोवर अंतिम देयक निघालेलं असतं, सुरक्षा ठेवही परत गेलेली असते. मग ठेकेदाराला काय फरक पडतो? तक्रार चालू देयकाच्या, म्हणजे काम सुरू असतानाच्या बिलाच्या वेळी आली तर बिल थांबतं. माझ्या नोकरीत मी एकच बिल थांबलेलं पाहिलं, आणि ते एका शाळा मास्तरांच्या दोन ओळींच्या पत्रामुळे. त्यांनी लिहिलं होतं, "पुलाच्या कामावर खडी धुतली जात नाही, आजचे फोटो सोबत." आरोप नव्हता, विशेषण नव्हतं. साहेबांनी ते वाचून पेन खाली ठेवलं, हे मी समोर उभा राहून पाहिलं आहे.

मोजमाप पुस्तिका बघायला सहा महिने थांबायची गरज नाही. राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये परिपत्रक काढलं आहे. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक संस्था यांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचा हक्कही आहे. सिमेंटचा नमुना मागणारा अर्ज मी पूर्ण नोकरीत एकदाही पाहिला नाही.

तर्री पोहा

सर, "सोमवारी ३ ते ५" हे मला आज कळतंय. मी दहा वर्षं आंदोलनं करतो आहे.

झिरो माइलची

मोर्च्याचं बोलणं निघालं की मला २३ नोव्हेंबर १९९४ आठवतं. गोवारी बांधव अनुसूचित जमातीचा हक्क मागायला विधानभवनावर आले होते. मंत्र्यांची वाट बघत दिवस गेला, संध्याकाळी लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बायका आणि मुलं किती होती ते या शहराला माहीत आहे. आम्ही तेव्हा बर्डीवर राहायचो, मी नववीत होते. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही.

त्या लोकांचं काहीही चुकलं नव्हतं. चूक लोकांना तासन्‌तास कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेची होती. पण हे आपल्याच शहरात घडलं आहे, म्हणून आयोजकांना हात जोडून सांगते. जागा ठरवताना बाहेर पडायची वाट आधी बघा. कठडे कुठे लागणार ते पोलिसांकडून आदल्या दिवशी समजून घ्या. लहान मुलं आणि म्हातारी माणसं कडेला ठेवा, पुढच्या रांगेत नको. पाण्याची गाडी ठेवा. बायकांच्या लघवीची सोय कुठे आहे हे कोणी सांगत नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. बायका परत याव्यात असं वाटत असेल तर सुरुवात इथून करा.

मिहान_२२

मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मनापासून यावंसं वाटतं. पण गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणी, पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळीकडे नाव येणार. घरी बाबा याच एका कारणासाठी "जाऊ नकोस" म्हणतात. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

सिव्हिल लाईन्स वकील

बाबांची भीती खोटी नाही, त्यामुळे नीट समजून घे.

शांततेने, शस्त्राशिवाय जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(ख) मध्ये आहे. पोलीस त्यावर बंधनं घालू शकतात. नागपुरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश निघतात, आणि जमावबंदीचं जुनं १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं आहे. आदेश मोडला की न्याय संहितेचं कलम २२३ लागतं, म्हणजे जुनं १८८. परवानगी असलेल्या जागी, दिलेल्या वेळेत, आयोजकांच्या यादीत नाव नसताना उभं राहणाऱ्यावर गुन्हा लागण्याचा संभव कमीच. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी शासन अधूनमधून निर्णय काढतं. पण जीवितहानी झाली किंवा नुकसान पाच लाखांच्या वर गेलं की त्या निर्णयाचा उपयोग नाही. म्हणून दगड उचलणारा दिसला की त्याला आपणच बाजूला घ्यायचं आणि त्याचं चित्रीकरण करायचं. तो आपला नसेलही.

आणि रस्त्यावर यायची तुला भीती वाटत असेल तर मागे राहूनही काम खूप आहे. महाटेंडरवरच्या (राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावरच्या) निविदा वाच. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून कुठल्याही कंपनीचे सार्वजनिक दस्तऐवज पाहता येतात. संचालक कोण, पत्ता कोणता, भांडवल किती हे सगळं दिसतं. एका निविदेत "स्पर्धा" करणाऱ्या तीन कंपन्यांचा पत्ता एकच निघाला, तर तो कागद हजार माणसांच्या मोर्च्याइतका जड आहे. हे काम तुझ्या वयाचा मुलगा आमच्यापेक्षा चांगलं करेल.

बोलण्याबद्दलही सांगतो. फलकावर "अमुक चोर है" लिहिलं की बदनामीची नोटीस येते, न्याय संहितेचं कलम ३५६. मग आंदोलन सोडून सगळे माझ्याकडे येऊन बसतात. "बिलात २०, जागेवर १४" असं लिहा. त्यावर नोटीस काढणाऱ्याला आधी ते सहा सेंटिमीटर कुठे गेले हे सांगावं लागेल.

वऱ्हाडी ठसका

वकील साहेब, हे पटलं. आमच्या गावच्या पांदण रस्त्याले हेच लागू करतो. पण माहिती मागणाऱ्या एकट्या माणसाचं काय? तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा २०१० मध्ये खून झाला. अर्ज एकाच्या नावानं गेला का गाव त्याले वेगळं पाडते आणि ठेकेदार त्याच्या घरी माणसं पाठवते.

सिव्हिल लाईन्स वकील

म्हणून अर्ज एकट्याने करूच नये. एकाच माहितीसाठी दहा जणांनी दहा अर्ज टाका. अर्जाला दहा रुपये लागतात. दहाही जणांना उत्तर मिळालं की कोणा एकाला गप्प करून उपयोग राहत नाही. आणि माहिती हातात आली की त्याच दिवशी सगळ्यांत वाटा. कागद एकट्याकडे आहे तोवरच त्याच्या जिवाला धोका असतो. जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये झाला, पण तो आजवर लागूच केलेला नाही. त्याच्या भरवशावर कोणी राहू नये.

कोराडी रोड

इथे सगळे सरकारी रस्त्याचंच बोलत आहेत, म्हणून प्रकल्पांचं सांगते. कारखाना, खाण, वीज केंद्र यायच्या आधी पर्यावरणाची जनसुनावणी होते. कंपनीच्या विरोधात सामान्य माणसाचं बोलणं सरकारी कागदावर चढतं अशी ती हक्काची जागा आहे, आणि आपण तिथे घोषणा देऊन बहिष्कार टाकून निघून येतो. कोराडी वीज केंद्राच्या नव्या संचांची सुनावणी मे २०२३ मध्ये झाली, भर उन्हात. मी गेले होते.

२००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना निदान तीस दिवस आधी द्यावी लागते, पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी मांडलेले मुद्दे लोकांच्या भाषेत वाचून दाखवावे लागतात. या वाचनाच्या वेळी मंडपात कोणी नसतं. लोक थकून गेलेले असतात, कंपनीने आणलेली माणसं जेवायला गेलेली असतात. तेव्हा थांबा आणि आपला मुद्दा इतिवृत्तात आला का ते ऐका. सुटला असेल तर तिथेच उभं राहून सांगा. राखेमुळे विहिरीचं पाणी बिघडलं हे तोंडी सांगितलं तर "ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली" एवढंच उरतं. पाण्याचा तपासणी अहवाल जोडून लेखी हरकत दिली तर कंपनीला त्याच मुद्द्यावर उत्तर द्यावं लागतं.

जगनाथ बुधवारी

आपल्या शहराला आंदोलन शिकायला बाहेर जायची गरजच नाही. मारबत आहे ना, रोगराई-संकटं गावाबाहेर काढायच्या पुतळ्यांची मिरवणूक! काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही निघतात, सोबत बडगे (छोटे पुतळे) असतात, आणि त्या बडग्यांवर महागाई, भ्रष्टाचार, जो त्या वर्षीचा रोग असेल तो. "घेऊन जा गे मारबत" म्हणताना म्हातारी बाईसुद्धा दारात येऊन ओरडते. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. इतकी माणसं कुठल्या पक्षाला जमवता येतात सांगा.

माझं एवढंच म्हणणं आहे की आपले बडगे फार मोघम असतात. "भ्रष्टाचाराचा बडग्या" म्हटलं की सगळे हसतात आणि भ्रष्टाचारीसुद्धा टाळ्या वाजवतो. त्याच्या पोटावर एका खऱ्या कामाचं बिल चिकटवा, कार्यादेश क्रमांकासकट. हजारो लोक ते वाचतील.

बजाजवाडी

झेंडा सत्याग्रहाचा उल्लेख कोणीच केला नाही याचं वाईट वाटलं. १९२३ मध्ये आपल्या पूर्वजांना याच सिव्हिल लाईन्समध्ये तिरंगा घेऊन जायला मनाई होती. १ मे पासून सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज पुढे होते, ते अटकेत गेल्यावर वल्लभभाई पटेल आले. एकदम लोंढा आणला नाही. रोज छोटी तुकडी निघायची, अटक व्हायची, दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी तयार. तुरुंग भरत गेले, देशभरातून स्वयंसेवक येत राहिले. मागणी एकच होती, या रस्त्याने झेंडा जाणार. १८ ऑगस्टला झेंडा गेला.

आपण एका दिवसात दहा हजार माणसं खर्च करतो आणि दुसऱ्या दिवशी रस्ता रिकामा. त्याऐवजी तीस दिवस रोज दहा माणसं एकाच कार्यालयाच्या दारात, एकच प्रश्न लिहिलेला फलक घेऊन उभी राहिली तर? कामावर जाणारा माणूसही महिन्यातून एक दिवस देऊ शकतो. धंतोलीकरांच्या त्या ताईंना एका घराचा खाडासुद्धा करावा लागणार नाही.

उमरेड रोड

मी थोडं कडू बोलणार आहे. गोसीखुर्द धरणाचा मूळ खर्च ३७२ कोटी होता, पायाभरणी १९८८ ची. खर्च कुठल्या कुठे गेला ते सगळ्यांना माहीत आहे. नागपूर जिल्हा बँकेचा रोखे घोटाळा २००२ चा. त्यात माजी मंत्र्यासह आरोपींना शिक्षा झाली २२ डिसेंबर २०२३ ला, आणि त्यावरही अपील. माझ्या वडिलांना त्या काळात बँकेतून पीककर्ज मिळालं नाही, त्यांनी सावकाराकडे बैलजोडी ठेवली. निकाल लागला तेव्हा वडील नव्हते. दिल्लीत २०११ ला एवढं आंदोलन झालं, लोकपाल कायदा झाला, आणि पहिला लोकपाल नेमला गेला २०१९ मध्ये. कागद, तारखा, मुद्दे सगळं बरोबर आहे. पण एवढी वर्षं टिकायचं कसं, हे कोणी सांगत नाही.

धंतोलीकर

दादा, तुमच्या वडिलांचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

टिकण्याबद्दल मला कळलेलं एवढंच आहे की छोटी जीत मधेमधे मिळाली तर माणसं टिकतात. आमचे निम्मे पॅनेल फुटले म्हणून वस्ती अजून जागी आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांच्या हजेरीपटावरची नावं गावासमोर वाचली. आम्ही बिल वाचायचं तिथूनच शिकलो. १९९६ ला त्यांनी माहितीच्या हक्कासाठी ब्यावरमध्ये चाळीस दिवस धरणं दिलं. केंद्राचा माहिती अधिकार कायदा आला २००५ मध्ये. म्हणजे त्यांनाही दहा-अकरा वर्षं लागली, पण गावोगावच्या हजेरीपटांचे हिशेब त्याआधीच चुकते होऊ लागले होते.

प्रेस गॅलरी

अधिवेशनं बरीच वर्षं जवळून पाहिली आहेत. एक गोष्ट लोकांपर्यंत पोचतच नाही. मंत्री कठड्याजवळ येऊन जे बोलतात त्याची नोंद कुठेही नसते. तेच वाक्य त्यांनी सभागृहात उच्चारलं की ते "आश्वासन" होतं, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. त्यामुळे आमदाराकडे फक्त "मोर्च्याला या" म्हणून जाऊ नका. तो येईल, भाषण करेल, हार घेईल. त्याच्याकडे तयार प्रश्न घेऊन जा. तारांकित प्रश्नाची (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची) मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते, म्हणून दिवाळीच्या आधी गाठा. उशीर झाला असेल तर लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी). प्रश्न असा असावा की उत्तर "होय", "नाही" किंवा तारीख असंच यावं, जसं की "अमुक कार्यादेशाच्या कामाची जाडी त्रयस्थ संस्थेकडून तपासली काय, व अहवालाचा दिनांक काय?" आणि सत्ताधारी व विरोधी, दोघांनाही द्या. ज्या दिवशी प्रश्न यादीत लागला असेल त्याच दिवशी मोर्चा आणा. बाहेर तोच प्रश्न हजार तोंडांनी विचारला जात असेल तर आत "माहिती घेण्यात येत आहे" म्हणणं अवघड जातं.

वऱ्हाडी ठसका

हे खरं. आत एक, बाहेर हजार. माझी गर्दी अन् धंतोलीकर भाऊचा कागद, दोन्ही एकाच दिवशी पायजे.

मिहान_२२

मी काल रात्री बसून आमच्या भागातल्या नाल्याच्या भिंतीच्या दोन निविदा वाचल्या. एक गोष्ट सापडली आहे असं वाटतं, पण इथे लिहीत नाही. वकील सर, तुम्हाला व्यक्तिगत संदेश केला आहे. आधी बघून सांगाल का?

सिव्हिल लाईन्स वकील

पाहिलं. पुढे जायला हरकत नाही. दहा अर्ज तयार कर, मी मसुदा पाठवतो.

धंतोलीकर

या सोमवारी दुपारी पावणेतीनला मी झोन कार्यालयाच्या दारात असेन. आमच्या शेजारच्या लेआउटचा रस्ता सुरू आहे, पहिलं चालू देयक अजून निघालेलं नाही. निवृत्त अभियंता साहेब येतो म्हणाले आहेत, मोजमाप पुस्तिका कशी वाचायची ते दाखवतील. ताईंनाही विचारलं. त्यांची घरं दोनपर्यंत आटोपतात, त्या येत आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी ओळखपत्र, वही आणि स्टीलचा टेप आणावा. कापडी टेप आणू नका, तो ताणतो.